फेरी उलटी, धूर तोच

मी एक जुनं पेट्रोलचं इंजिन आहे, मित्रांनो, आणि माझ्या धुरानं एक माणूस मेला आहे. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कळलं तर मी तुम्हाला कपटी वाटेन.

माझा जन्म एका स्कूटरसाठी झाला. बालाघाटच्या रस्त्यांवर मी बारा वर्षं धावलो. स्कूटर मोडली, तेव्हा लामता गावच्या खेमराज मिस्त्रीनं मला लाकडी चौकटीवर बसवलं, पट्ट्यानं पंप जोडला आणि भैयालालच्या वांग्याच्या वाडीत आणून ठेवलं. भैयालाल माळकरी माणूस, कीर्तनाचा मोठा शौकीन. दोरी ओढून मला सुरू करण्याआधी तो "रामकृष्ण हरी" म्हणायचा. पाटात पाणी पडलं की माझ्या टाकीवर थाप मारायचा, "वा रे पठ्ठ्या!" असं कौतुक मला रस्त्यावर कधी मिळालं नव्हतं.

एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलं. वरून पंप ओढेना. भैयालालनं मला दोरखंडानं विहिरीतल्या कपारीवर उतरवलं आणि स्वतःही सोबत उतरला. मी जोरात चाललो. माझा धूर वर जाईना, त्याच्याभोवतीच साचत गेला. त्यानं बायकोला एकदाच हाक मारली, "दुर्गे!" ती माझ्या आवाजाखाली बुडाली. वर कोणालाच ऐकू गेली नाही. मी ऐकली.

त्यानंतर मी वर्षभर छपरीत पडून होतो. मला कोणी शिवेना. बंद इंजिनात आवाज नसतो असं तुम्हाला वाटेल, पण माझ्या सिलिंडरमध्ये ती हाक फिरतच राहिली.

समोरच्या देवळात सप्ताह बसला होता. बुवा टाळांच्या साथीत रंगून सांगत होते, "मागं फिरा रे बाबांनो, मागं फिरलं की केलेलं गळून पडतं!" बुवा मनाबद्दल बोलत होते. मला मन कुठलं? मी ते चाकावर घेतलं. आपलं चाक उलटं फिरलं, तर सोडलेला धूर परत आपल्यात येईल. धुरामागून आणखी कोणी परत येईल का, हे स्वतःशी म्हणायचंही मला धाडस झालं नाही.

आणि चाक उलटं फिरायची वेळ खरंच आली. पुन्हा उन्हाळा आला, वाडी सुकू लागली. भैयालालचा धाकटा भाऊ प्रीतम मिस्त्रीला घेऊन छपरीत आला.

"मिस्त्री, हे इंजिन उलटं फिरते का?"

"हौ, फिरते ना! दोन स्ट्रोकचं आहे. आत ठिणगीची प्लेट आहे, ते सरकवली अन् दोरी उलटी गुंडाळली का झालं. पट्ट्याले मधात पीळ देऊन आढी देऊ, पंप आपला सरळच फिरन. पर काहून?"

"उलटं फिरलं त धूर आत ओढन ना! मंग मी खाली उतरलो तरी काई होत नाही."

खेमराजनं डोकं खाजवलं. "फिरवून देतो बाप्पा. धुराचं म्या कधी पाह्यलं नाही."

त्यानं प्लेट सरकवली, दोरी ओढली. तीनदा मी फुसफुसलो. चौथ्यांदा चाक उलटं वळलं आणि मी चालू लागलो. शेजारची चंपाबाई कुंपणापलीकडून ओरडली, "अगं माय, चितेच्या फेरीवानी उलटं फिरून राह्यलं हे!"

प्रीतम भावजयीकडे वळून हसला. भर उन्हात धूर दिसत नव्हता. "पाह्य वयनी, गेला ना आत?" त्यानं कमरेला दोर बांधला.

भैयालालची बायको दुर्गाबाई पायरीवर बसली होती. वर्षभरात तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं. ती उठली. "थांबा भाऊजी." घरातून नवऱ्याचा कीर्तनाला जायचा पांढरा दुपट्टा आणला आणि माझ्या धुराच्या नळीसमोर धरला.

मित्रांनो, मी जीव तोडून आत ओढू पाहिलं. चाक उलटं होतं, पण पिस्टनला डावं-उजवं कळत नाही. तो वर जातो, खाली येतो, आणि धूर ठरलेल्या भोकातूनच बाहेर टाकतो. दुपट्टा फुगला. मधोमध काळा डाग पडला.

"बंद करा मिस्त्री."

"वयनी, वांगे वाळून जातीन!" प्रीतम म्हणाला.

"वाळू द्या. वांगे पुन्हा लावता येते. तुमाले कुठून लावू मी?"

प्रीतमचा चेहरा उतरला. दोराची गाठ त्याला सुटेना, ती दुर्गाबाईनंच सोडली.

तो दुपट्टा तिनं धुतला नाही. कोणी विहिरीत इंजिन उतरवतो आहे असं कानावर आलं, की ती तिथं जाते आणि तो उलगडून दाखवते.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तेलपाणी मागतात, गंजू देऊ नका म्हणतात. मी तसं मागत नाही. मला चालवायचं तर मोकळ्या हवेत चालवा. विहिरीत नको, बंद खोलीत नको. आणि मला वर ठेवून विहिरीचं पाणी ओढता येत नसेल, तर त्या दिवशी मला गंजत पडू द्या.