गाठींचा टी-शर्ट

थोरलीच्या डोळ्यांत तो टी-शर्ट सकाळ-संध्याकाळ खुपत होता. टी-शर्ट तरी कसला! बाबांचा जुना, विटका, गळ्याशी सैल पडलेला. धाकटीने कात्री घेतली, एका अंगाला बाहीसकट खांदा आणि कूस उघडी केली, दोन्ही कडांना झिरमिळ्या कापल्या आणि समोरासमोरच्या झिरमिळ्यांच्या सुरगाठी मारल्या. झालं! ना सुई, ना दोरा. आणि आई तो घालून घरभर मिरवत होती.

आईचा खांदा मोडला होता, हात गळ्यातल्या झोळीत. या गाठी तिला एका हाताने सोडता येत. वरच्या दोन गाठी दातांत धरून पुन्हा बांधल्या की काम भागायचं. शेजारीण आली की आई वळून दाखवायची. "बघा धाकटीचं डोकं! टाका म्हणून नाही कुठे."

हे ऐकू आलं की पुढच्या खोलीत थोरलीचं मशीन जरा जास्तच धडधडायचं. सगळ्या गल्लीचे कपडे ती शिवायची, घर त्या मशीनवर चालायचं. आई पडल्याबरोबर तिने गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून आईसाठी गाऊन शिवला होता. मऊ कापड, गळ्याला नाजूक पट्टी. आईने तो मांडीवर घेतला, "सुरेख झालाय गं, बाहेर जाताना घालीन" म्हणाली आणि कपाटात ठेवून दिला. आणि जिला साधं बटण लावता येत नाही, तिच्या चिंध्या अंगावर! लहानपणापासून हेच. राबायचं थोरलीने आणि लाड धाकटीचे. जळफळाट नाही होणार तर काय होणार?

"ताई, आई आता स्वतःचं स्वतः घालते हं," धाकटी एकदा कौतुकाने म्हणाली.

"हो बाई, तुझ्यापुढे आम्ही कोण! आयुष्यभर नुसते टाके घालत बसलो."

"अगं, मी असं कुठे म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं?"

एके दुपारी धाकटी कामावर होती, आई झोपली होती आणि टी-शर्ट दोरीवर वाळत होता. थोरलीने तो ओढला. शिवणकाम करणारीच्या आईने चिंध्या घालून फिरायचं म्हणजे लोक हसतील, असं तिने स्वतःला बजावलं. पण खरं कारण काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. झिरमिळ्या तिने सपासप उडवल्या, खांदा शिवला, कूस शिवली, वरून दुहेरी टीप मारली. घडी घालून आईच्या उशाशी ठेवला. आता म्हण म्हणावं, टाका म्हणून नाही कुठे!

आई उठल्याची चाहूल लागली तशी थोरली मशीन थांबवून, हातातल्या कात्रीसकट आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आई काय म्हणते ते तिला ऐकायचंच होतं. बराच वेळ नुसती खुडबुड. मग आईचा दबका आवाज आला, "धाकटे... आलीस का गं?"

घ्या! आतासुद्धा धाकटीच! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दार ढकललं.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. डोकं टी-शर्टाच्या आत, बरा हात बाहेर आणि मोडका हात कुशीत अर्धवट अडकलेला. पुढे सरकेना की मागे येईना.

"दार लोट आधी," कापडाआडून आई कुजबुजली. "ताईला ऐकू जायला नको. कात्री आण आणि ही शिवण उसव बाई. गाठी गेल्यात हे दिसलं होतं मला. पण एवढे सुबक टाके घातलेत तिने, म्हटलं घालूनच दाखवू. हातच जाईना."

कात्री थोरलीच्या हातातच होती. तिने आपलीच दुहेरी टीप कापायला घेतली.

"तो गाऊनही असाच," आई सांगत होती. "हात वर केल्याशिवाय चढत नाही. एकदा घालून बघितला तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिला कसं सांगू? रात्रंदिवस राबते माझी पोर. तू बोलू नकोस हं तिला काही."

शेवटचा टाका तुटला. थोरलीने टी-शर्ट हळूच खाली ओढला. आईचं घामेजलेलं तोंड बाहेर आलं.

"अगोबाई! तू?"

थोरलीला रडू आवरेना. "हात फार दुखतो का गं आई?" तिने विचारलं. आईचं माप तिला पाठ होतं, रंग तिने निवडला होता, कापडही तिनेच. एवढं विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

"दुखतो ना," आई म्हणाली. "फार दुखतो."