उंची सेंटिमीटरमध्ये

"अंबाडा खाली घाल गं, मानेवर. वर बांधलास तर आणखी दोन इंच वाढशील," आकडे दातांत धरून सरलाबाई लेकीच्या कानाशी पुटपुटल्या. "कुणाच्या वळणावर गेलीयेस, देव जाणे."

उज्ज्वलानं दाराकडे पाहिलं. पलीकडच्या खोलीत तिचे वडील विनायकराव खुर्च्या मांडताना दाराच्या चौकटीखालून वाकून ये-जा करत होते. वळण शोधायला लांब जायची गरज नव्हती.

विनायकराव सरकारी वजनेमापे खात्यातले. बदलीवर इथे बंगाली मुलखात, बालीगंजला येऊन सहा वर्षं झाली होती. घरात किलो आणि मीटर चालावेत म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं. सरलाबाई मात्र त्यांच्या नाकावर टिच्चून दूध शेरानं घेत आणि कापड वारानं. म्हणून यंदा, एकोणसत्तर साली, लेकीच्या माहितीच्या कागदावर बायकोनं आपण होऊन 'उंची १७० सेंटिमीटर' लिहिलं, तेव्हा त्यांना अगदी भरून आलं. 'पाच फूट सात' वाचून तीन स्थळं परत गेली होती, हे त्या भाबड्या माणसाच्या ध्यानातही आलं नाही.

उज्ज्वलाच्या आलं होतं. ती शाळेत गणित शिकवायची. तरी ती गप्प बसली, कारण हे चौथं स्थळ गुरुदत्तचं होतं. गणेशोत्सवात तो तबल्यावर होता, ती तंबोऱ्यावर. गाणाऱ्या बाई तालाबाहेर भरकटल्या तेव्हा त्यानं तिच्याकडे बघून डोळे मिटले होते, आणि तिला हसू आवरता आवरेना. कार्यक्रम संपल्यावर तो रेंगाळला, तर ही तंबोऱ्याची गवसणी बांधत बसून राहिली. तो निघून जाईपर्यंत उठलीच नाही.

आता बराकपूरहून बापलेक आले. उज्ज्वला वाकूनच पोहे घेऊन आली, वाकूनच नमस्कार केला आणि आईनं ठेवलेल्या वेताच्या बुटक्या स्टुलावर, बंगाली मोड्यावर, बसली. गुडघे हनुवटीशी आले. गुरुदत्तला आधीच खोल कोचात बसवलं होतं.

त्याचे वडील मनोहरपंत छावणीच्या कपड्यांच्या कोठारावरून निवृत्त झालेले. नुसत्या नजरेनं शिपायाचं माप सांगायचे. त्यांनी मोड्याकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं आणि चष्मा पुसला.

"हे एकशेसत्तर म्हणजे किती हो?"

सरलाबाईंनी घाईघाईनं संदेश मिठाईची बशी पुढे केली. पण विनायकरावच मदतीला धावून आले. फुटांत करून सांगणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. नव्या मापात विचार करायला शिकलं पाहिजे, म्हणाले. मनोहरपंतांनीही ताणलं नाही. मुलाच्या कागदावरचं 'पाच फूट सहा' छावणीतले जाड टाचांचे बूट घालून मोजलेलं होतं.

मग वाद रंगला. फूट म्हणजे माणसाचं पाऊल, मीटर कुणाच्या अंगावर दाखवता, असं मनोहरपंतांचं म्हणणं. त्यावर, कुणाचं पाऊल, तुमचं की माझं, असं विनायकरावांनी विचारलं आणि दोघांचेही पाय टेबलाखालून बाहेर आले. दहाचा हिशेब सोपा की बाराचा, यावर दोनदा चहा झाला. बालीगंजहून शियालद्याला जाणारी साडेपाचची गाडी गेली. सहाचीही गेली. मनोहरपंत घड्याळाकडे बघत, निघायला हवं म्हणत, आणि पुन्हा टेकून बसत. ते उठले की मुलगा उठणार होता. सरलाबाईही, आता कसं जाणार, जेवूनच जा, म्हणू लागल्या.

उज्ज्वलाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिच्या मनात आलं, हे लग्न झालंच तर उभा जन्म असाच बसून काढायचा. आई डोळे वटारत असतानाच ती उठली. सावकाश, पाठ सरळ करत, पूर्ण.

बाईमाणूस उभं राहिल्यावर बसून राहायचं नाही, असं गुरुदत्तला वळण होतं. तोही कोचातून कसाबसा वर आला. त्याची नजर नेमकी तिच्या ओठांशी पोचली. दोन्ही वडिलांचे पाय आपापल्या खुर्चीखाली गेले.

तो मान वर करून तिच्याकडे बघत राहिला, गणेशोत्सवात बघितलं होतं तसंच.

"मी तुमच्यापेक्षा उंच आहे," उज्ज्वला म्हणाली. "कुठल्याही मापानं मोजलं तरी."