फिनाचं टक्कल

बारांकियातल्या माझ्या सलूनमध्ये एका पिंजऱ्यात फिंच पाखरांची जोडी होती, कर्नल आणि त्याची बायको फिना. महिन्याभरात कर्नलनं पिसं उपटून उपटून फिनाचं डोकं पार उघडं पाडलं. गिऱ्हाइकं विचारायची, "निकानोर, पाखराचीही हजामत केलीस काय रे?"

मी वैतागून कर्नलला वेगळ्या पिंजऱ्यात कोंडलं आणि तो पिंजरा खुर्चीमागे टांगला. झालं! दोघं दिवसभर एकमेकांना हाका मारत बसले. माझे कान किटले आणि फिना दाण्याला शिवेना.

तिसऱ्या दिवशी खुर्चीत बाउदिलिओकाका होते. टाळूवर मोजून सात केस. कर्नलनं गजांतून मान काढून त्यातला एक उपटला.

"मेल्या!" काका किंचाळले.

कर्नल मात्र केस चोचीत धरून फिनाकडे बघत राहिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गड्याला घरटं बांधायचं होतं, आणि मी मूर्खानं पिंजऱ्यात एक काडीही टाकली नव्हती!

मी जुन्या गादीतला काथ्या आणून दोघांना एकत्र सोडलं. संध्याकाळपर्यंत घरटं तयार. फिना आत, कर्नल बाहेर गातोय.

आता तिच्या डोक्यावर नवी पिसं आलीत. काका रोज येतात, तिचं डोकं न्याहाळतात, मग स्वतःची टोपी काढून हळूच विचारतात, "निकानोर, थोडा काथ्या उरलाय का रे?"