मोजणी चालू असताना

"आता हे बघ. अंगाई आहे ही, अंगाई. आणि या शहाण्याने ती नाचाच्या गाण्यांत नेऊन टाकलीय," कप्पेसाहेब म्हणाले.

"नाचत असेल एखादं बाळ," बायको म्हणाली. ती गॅलरीच्या दारात मटार सोलत बसली होती. "लावा तरी. ऐकून ठरवू."

"आत्ता नाही. मोजणी चालू आहे."

बायको हसली आणि पुढची शेंग उचलली. हे उत्तर तिला पाठ झालं होतं.

शहाणा म्हणजे लेकीने पाठवलेला गाण्यांचा डबा. दोन जाडी पुस्तकं एकावर एक ठेवावीत एवढा, काळा, पुढे एक छोटा पडदा आणि आवाज कमीजास्त करायचं एक गोल बटण. त्याच्यावरून फोन करता येत नव्हता, बातम्या दिसत नव्हत्या, गाणी वाजवण्यापलीकडे त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. घरातल्या सगळ्या कॅसेटी आणि सीड्या एका दुकानदाराने त्याच्या पोटात भरून दिल्या होत्या. पण दुकानदाराला घाई. त्याने नावं घालायचे कष्टच घेतले नाहीत, आणि जिथे घातली तिथे वाटेल तशी घातली. मग काय, अर्धी गाणी 'ट्रॅक एक', 'ट्रॅक दोन' म्हणून अनाथासारखी पडलेली. बायकोच्या सर्वांत लाडक्या गायिकेचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, त्यामुळे पडद्यावर त्या एकाच बाईची तीन घरं झाली होती आणि एका घराला दुसऱ्याची खबरबात नव्हती. एका कॅसेटमध्ये दहा जणांनी गायलं असेल, तर त्या कॅसेटचे दहा तुकडे होऊन दहा दिशांना गेले होते.

असलं काही पाहिलं की कप्पेसाहेबांच्या अंगावर काटा यायचा. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण पंपांच्या कारखान्यातलं स्टोअर त्यांनी जन्मभर सांभाळलं, आणि तिथे वॉशरपासून शाफ्टपर्यंत प्रत्येक वस्तूला कप्पा आणि प्रत्येक कप्प्याला चिठ्ठी. तेव्हा कामगारांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. नवीन लग्न झालं तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीवरही 'मीठ' असं लिहिलं होतं. "मला कुठल्या कप्प्यात ठेवताय ते सांगा, म्हणजे रात्री तिथेच जाऊन झोपते," असं बायकोने विचारलं, तर हे आपले विचारात पडले.

कारखान्यात साठ्याची मोजणी असली की माल द्यायची खिडकी बंद व्हायची. बाहेर पाटी लागायची, 'मोजणी चालू आहे', आणि मग फोरमन येवो, मॅनेजर येवो, खुद्द मालक का येईना, कप्पेसाहेब आतून एक बोल्ट सोडायचे नाहीत. मोजता मोजता माल दिला की मोजणीही बोंबलते आणि मालही सापडत नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. घरातही त्यांनी तोच नियम लावला. आधी सगळी गाणी जागच्या जागी जातील, मग खिडकी उघडेल. शिवाय प्रत्येक दुरुस्तीनंतर शहाणा स्वतःही सगळा साठा पुन्हा मोजायला घ्यायचा. पडद्यावर एक छोटंसं चक्र फिरत राहायचं. त्या चक्राबद्दल कप्पेसाहेबांना मनातून आदर होता. पोरगं आपल्याच जातकुळीतलं आहे, असं त्यांना वाटायचं.

या सगळ्यामागे कारण होतं बायकोच्या कानाचं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आयुष्यभर कानाला तो हेडफोन. नुसत्या 'हॅलो'वरून पलीकडचा माणूस जेवलाय की नाही ते ती सांगायची, आणि तिचं सहसा चुकायचं नाही. उजवा कान कधीच गेला होता. आता डाव्यानेही काढता पाय घेतला होता. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून झाल्यावर दोघांना समोर बसवलं आणि हळू, स्पष्ट बोलल्या, "हे आपल्याला थांबवता येणार नाही. यंत्र लावून बोलणं अजून काही काळ कळेल. सूर मात्र आधी जातील. तेव्हा काही आवडीचं ऐकायचं असेल, तर ऐकून घ्या."

परतल्यावर घराच्या पायऱ्या चढताना बायको एवढंच म्हणाली, "अहो, भाजी घ्यायची राहिलीच."

कप्पेसाहेबांना त्या दिवशी रडू आलं नाही. त्यांना भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. कानाच्या आत जाऊन त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं. पण कप्पे लावता येत होते. तेवढं एक त्यांना उभ्या जन्मात नीट आलं होतं, म्हणून त्यांनी तेच धरलं.

त्यांच्या डोळ्यांसमोर एक संध्याकाळ तयार झाली होती. गॅलरीत दोन खुर्च्या. उन्हं उतरलेली. ती म्हणतेय, "ते बोटीतलं लावा ना." आणि शोधाशोध नाही, भलतंच काही लागणं नाही, बटण दाबलं की बोटीतलं सुरू. मग ती म्हणतेय, "ते पहाटेचं." की पहाटेचं. तिच्या कानात जेवढं ऐकणं उरलंय त्यातला एक क्षणसुद्धा धुंडाळण्यात फुकट जायला नको. त्या संध्याकाळपर्यंत पोचायचं म्हणून ते रोज दुपारी चष्मा पुसून शहाण्यासमोर बसत होते.

पण दुपारी मोठ्या लबाड असतात. जेवण झालेलं, खिडकीच्या पडद्यातून येणारं ऊन फरशीवर हलतंय, आणि एखाद्या 'ट्रॅक सात'चं नाव काय म्हणून त्यांनी तो जरासा वाजवला की झालं. एका गाण्याने ते थेट लग्नानंतरच्या पहिल्या बिऱ्हाडात जाऊन पडले. एकच खोली, आणि शेजाऱ्याचा रेडिओ भिंतीतून ऐकू यायचा. गाणं सुरू झालं की बायको लाटणं थांबवून भिंतीला कान लावायची, आणि हे पोळी करपल्याचा वास येत असूनही तिला सांगायचे नाहीत. तो रेडिओ त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्या शेजाऱ्याचं तोंडही आता आठवत नव्हतं. तिच्या कानाशी चिकटलेला भिंतीचा चुना मात्र आठवत होता. दुसऱ्या एका गाण्यात लेक तापाने फणफणलेली आणि दोघं आळीपाळीने तिला खांद्यावर घेऊन फिरतायत. तिसऱ्यात नुसताच एक रस्ता होता, ओला, रिकामा, आणि सायकलवर पुढच्या दांडीवर बसलेली बायको. तो रस्ता कुठला ते काही केल्या आठवेना. भानावर यावं तो चहाची वेळ झालेली आणि दिवसभरात दोन नाहीतर तीन गाणी मार्गी लागलेली.

लेक फोन करायची. "बाबा, झालं का लावून?"

"होतंय. शंभर भानगडी आहेत."

"अहो, नीट असो नसो, तुम्ही लावा ना. आईला ऐकू दे."

"अर्धवट स्टोअरमधून मी कधी माल दिलेला नाही."

"बाबा, ते स्टोअर नाहीये हो," लेक म्हणायची. मग ती आईला बोलवा म्हणायची, आणि बायको फोन हातात घेऊन जेवढं कळेल तेवढ्यावर "हो, हो, मजेत" म्हणायची.

बिननावाच्या गाण्यांसाठी त्यांनी बायकोचीच मदत घेतली होती. दुकानात कापडाचा नमुना दाखवावा तसा गाण्याचा एक तुकडा वाजवायचा आणि विचारायचं, "कोण?" ती डावा कान पुढे करायची, नाव सांगायची. नाव मिळालं की हे बटण दाबून गाणं बंद. ती कधी म्हणायची, "अहो, निदान कडवं तरी होऊ द्या." हे म्हणायचे, "सगळं एकदम ऐकायचंय ना आपल्याला. थोडा धीर धर."

त्या दुपारी शेवटची काही गाणीच उरली होती. कप्पेसाहेब खुशीत होते. तीन घरं मोडून त्या गायिकेचं एक घर त्यांनी थाटलं होतं, आणि तिचंच आणखी एक बिननावाचं गाणं सापडलं होतं. आवाज त्यांनी ओळखला होता. पण बायकोच्या तोंडून ऐकावं, तिला तेवढाच आनंद, म्हणून त्यांनी तुकडा लावला.

"कोण, सांग बघू?"

तिने कान पुढे केला. थोड्या वेळाने म्हणाली, "पुन्हा लावा."

त्यांनी पुन्हा लावलं, जरा मोठ्याने.

"पुरुष आहे की बाई?" तिने विचारलं.

दूध आलं का, असं विचारावं तसं विचारलं तिने. थट्टा करायची तिची सवय त्यांना माहीत होती, म्हणून ते हसायच्या तयारीने वळले. ती थट्टा करत नव्हती.

"बाई आहे," ते म्हणाले. मग तिच्या अगदी समोर येऊन, तोंड नीट दिसेल असं पुन्हा म्हणाले, "बाई आहे गं."

"मग सांगूनच टाका. मला नुसता पत्रा वाजल्यासारखा आवाज येतोय."

"कधीपासून?"

"झाले की दिवस. बोलणं कळतं अजून. तुमचं तर ओठ बघूनच कळतं. इतकी वर्षं तेच तेच तर बोलताय."

"अगं, पण काल तू नावं सांगितलीस. परवाही."

"अंदाजाने सांगितली. तुमचा चेहरा बघून. तुम्ही किती आशेने बघत होता. दोन-चार चुकली असतील. बघून घ्या नंतर."

"मला बोलली का नाहीस?"

"तुमची मोजणी चालली होती ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच त्यांना जास्त लागलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "मध्येच कसं थांबवायचं? एवढं मन लावून करत होता. आणि मला वाटलं, होईल तोवर. थोडक्यात हुकलं."

कप्पेसाहेब खुर्चीत बसले. जन्मात त्यांनी कुणाचा माल अडवून कुणाचं वाईट केलं नव्हतं. मागणारा थांबायचा, चरफडायचा, आणि शेवटी त्याला त्याची वस्तू मिळायची. वस्तू कप्प्यात आहे आणि घेणाऱ्याचे हातच राहिले नाहीत, असं कधी झालं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचेना.

"मी गाढव आहे," ते म्हणाले.

"ते आमच्या घरच्यांनी पहिल्या भेटीतच ओळखलं होतं," बायको म्हणाली आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं. "उठा. झालंय ना आता सगळं लावून?"

"झाल्यात जमा आहे."

"मग लावा."

"तुला ऐकू येणार नाही."

"तुम्हाला येईल ना? आणि काय लागलंय ते मला दाखवा. वाचता येतं मला अजून."

तिच्या अंदाजाने घातलेली नावं दुरुस्त करायला त्यांनी शहाण्याकडे हात नेला होता. तो मागे घेतला. ती नावं तशीच राहू दिली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा त्यांनी गॅलरीत दोन खुर्च्या टाकल्या, शहाण्याला दाराशी आणून ठेवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. बोटीतल्या गाण्याच्या कॅसेटवरचं चित्र आलं, नदी आणि नदीवर एकुलती एक होडी. तिने नाव वाचलं आणि तिचा चेहरा उजळला. "अय्या, हे का," असं म्हणून ती मागे टेकली, कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटले.

गाणं सुरू झालं. कप्पेसाहेबांना ते ऐकवेना. इतकं स्वच्छ, इतकं जागच्या जागी, प्रत्येक शब्द धुतल्यासारखा. मग शेजारून आवाज आला. बायको गात होती. स्वतःशी गुणगुणणं नव्हतं हे, मोकळ्या गळ्याने गाणं होतं. तिला वाटत होतं ती गाण्याबरोबर आहे. पण ती एक ओळ मागे होती आणि सूर थोडा खाली. गायिका पुढे चाललेली आणि ही मागून येतेय. दोन्ही आवाज एकमेकांच्या पायात येऊ लागले.

कप्पेसाहेबांनी गोल बटणावर हात ठेवला आणि हळूहळू फिरवत नेलं. गायिकेचा आवाज दूर गेला, आणखी दूर गेला, आणि मग उरला नाही.

बायको गात राहिली. तिचा आवाज मध्येच थोडा चिरकायचा, थोडा घसरायचा, पण शब्द एकही चुकला नाही. पहिलं कडवं संपवून ती थांबली. आपण बंद केलेलं हिला कळलं की काय, म्हणून कप्पेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. पण तिचं बोट खुर्चीच्या हातावर हलत होतं, वर जात होतं, वळण घेऊन खाली येत होतं. आत स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर चालू होती. खालून कुणाची तरी स्कूटर गेली.

"व्हायोलिन काय वाजवलंय बघा," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"हो ना," कप्पेसाहेब म्हणाले. मग तिला ते ऐकू गेलं नसणार हे लक्षात येऊन त्यांनी तिचा दुसरा हात हातात घेतला आणि दाबला.

तिने व्हायोलिन पुरतं संपू दिलं आणि दुसरं कडवं घेतलं.