त्यात एक यक्ष घाल

कृतिकाच्या कादंबरीची आणखी एक आवृत्ती निघाली, ही बातमी वैजयंतीला तिच्या नवऱ्याने जेवताजेवता दिली.

“तुह्या मैत्रिनीचं पुस्तक पुन्हा छापलं म्हनते व. पेपरात फोटो हाय तिचा.”

भागवत साधा माणूस. अनसिंगला शेती, वाशिमहून रोज मोटरसायकलने ये-जा. पुस्तकांशी त्याचा संबंध एवढाच, की बायको ती लिहिते. त्याला काही डिवचायचं नव्हतं. पण वैजयंतीच्या तव्यावरची पोळी करपली.

“बरं झालं,” ती म्हणाली आणि दुसरी पोळी लाटायला घेतली.

वाशिमच्या कॉलेजात दोघी एका बाकावर बसत. वैजयंती शेतकऱ्याची मुलगी, कृतिका जवळच्याच मालेगावच्या भागचंदशेठ कापडवाल्यांची. दोघींना लिहायचं वेड. वार्षिकांकात वैजयंतीच्या कथेला पहिलं बक्षीस ठरलेलं, कृतिकाला उत्तेजनार्थ. कृतिकाच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वैजयंती काढायची आणि काढताना तिला फार माया यायची. पुढे वैजयंती हायस्कुलात शिक्षिका झाली. शेतात निंदणाऱ्या बायांवर तिने पहिली कादंबरी लिहिली, मग दुसरी. एका मोठ्या समीक्षकाने तिला ‘अस्सल’ म्हटलं. एक वर्ष पुस्तक अभ्यासाला लागलं, तेव्हा पोरांनी गाईड वाचून पेपर दिला. उरलेल्या प्रतींचे गठ्ठे अजून दिवाणात होते.

मग कृतिकाने ‘यक्षथांबा’ लिहिली.

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. त्या जुन्या नगरातले यक्ष कुठे गेले नाहीत, ते आजही वाशिमच्या एसटी स्टँडवर उतरतात, अशी ती गोष्ट. त्यांचा फलाट सगळ्यांना दिसत नाही. उतरलेला यक्ष गावात पोटापाण्याचं बघतो. एक जण झेरॉक्सचं दुकान टाकतो, आणि त्याच्या मशीनमधून मूळ कागदावर नसलेली एक खरी ओळ छापून येते. एक यक्षिणी ब्यूटी पार्लर चालवते. तिच्या आरशात बाईला आपण कोण होणार होतो ते दिसतं. पुण्याचे प्रकाशक माणिकराव म्हणाले, “याला अर्बन फँटसी म्हणतात, आणि आपल्याला हीच हवी आहे.” पुस्तक आलं, मग ते मोबाइलवर ऐकायला मिळू लागलं, मग दुसरा भाग, तिसरा भाग. बाहेरगावची पोरं वाशिमच्या स्टँडवर उतरून फोटो काढू लागली. खुद्द वैजयंतीच्या वर्गातल्या पोरी विचारायच्या, “मॅडम, तुमी कृतिका मॅडमले खरंच ओळखता?”

ओळखते, म्हणताना वैजयंतीचा जबडा दुखायचा.

तिने मनाची एक समजूत काढून ठेवली होती. ती भुताखेतांचं लिहिते, आपण माणसांचं लिहितो. तिचा बाजार वेगळा, आपली वाट वेगळी. या समजुतीच्या टेकूवर तिची झोप आणि दोघींची मैत्री, दोन्ही उभी होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी कृतिका दुपारची घरी आली. हातात कागदांची जाड पिशवी. नेहमीची बडबड नाही.

“वैजू, थकली व मी,” ती म्हणाली. “चौथा भाग मागून राह्यले. कुठं भाषनाले गेली का लोकं इचारतेत, नवा यक्ष कोनता? दुसरं काई सुचते हे कोनाच्या ध्यानातच नाई. हे वाच. यात यक्ष नाई. आईचं हाय.”

वैजयंती चमकली. कृतिका शाळेत असताना तिची आई, पानाबाई, दीक्षा घेऊन जैन साध्वी झाली होती. सगळ्या मालेगावाला ते ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांच्या मैत्रीत कृतिकाने आईचा विषय एकदाही काढला नव्हता.

कृतिका गेल्यावर वैजयंतीने कागद हातात घेतले आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवले नाहीत. आईची वाजतगाजत मिरवणूक निघते, ती दोन्ही हातांनी तांदूळ आणि नाणी उधळते, आणि गर्दीतल्या पोरांबरोबर तिची स्वतःची मुलगी खाली वाकून नाणी वेचते. पुढे बऱ्याच वर्षांनी साध्वींचा मुक्काम गावात पडतो. पांढऱ्या वस्त्रातली आई भिक्षेला फिरत फिरत आपल्याच जुन्या घराच्या दारी येते. दीक्षेनंतर नातं उरत नाही, म्हणून मुलगी तिला आई म्हणू शकत नाही. ती एक फुलका पुढे करते. साध्वी त्यातला अर्धाच घेते, ‘धर्मलाभ’ म्हणते आणि पुढच्या घरी जाते. मुलगी उरलेला अर्धा फुलका हातात धरून उभी राहते, आणि कुणी बघत नाही असं पाहून तो खाते.

वैजयंतीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पण त्या पुसायच्या आत तिच्या ध्यानात आलं. हे माणसांचं होतं. हा तिचा प्रांत होता, आणि कृतिका तिथेही तिच्या पुढे निघून गेली होती. इतकी साधी वाक्यं वैजयंतीला दोन कादंबऱ्यांत जमली नव्हती. आता समजूत काढायलाही काही उरलं नाही.

तरी दुसऱ्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती मालेगावच्या एसटीत बसली, तेव्हा खरं बोलायचं हेच तिच्या मनात होतं. ‘लय चांगली हाय,’ असं सांगायचं. वाटभर तिने ते वाक्य घोळवलं.

भागचंदशेठचं दुकान आता कृतिकाचा भाऊ पुनीत पाहायचा. शेजारच्या गाळ्यात मॅचिंग सेंटर होतं, तिथे कृतिका बसायची. वैजयंतीला पाहताच ती काउंटरवरून अर्धी बाहेर वाकली.

“वाचली?”

“पानी तं पिऊ दे.”

“मानिकराव म्हनतेत, यक्ष नसला तं छापत नाई. म्हनतेत, तुमच्या नावाचं पुस्तक घेतलं अन् आत यक्ष नाई, म्हंजे वाचकाले फसवल्यासारखं. नाई तं दुसऱ्या नावानं छापू म्हनतेत. माह्या आईचं पुस्तक, अन् मी दुसऱ्या नावानं छापू?” तिचा आवाज चिरकला. “मले त्याईचं काई नाई. तू सांग. तू चांगली म्हनली तं मी त्याईले सोडून देईन, दुसरा प्रकाशक पाहीन.”

तेवढ्यात दोन कॉलेजातल्या पोरी फॉल घ्यायला आल्या. एकीने कृतिकाकडे पाहिलं, दुसरीला कोपर मारलं. “तुमीच ना, यक्षथांबावाल्या?” फॉल राहिला बाजूला. दोघी काउंटरच्या आत शिरल्या, कृतिकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या, आणि एकीने मोबाइल वैजयंतीपुढे धरला.

“काकू, जरा फोटो काढून देता का?”

काकूंनी फोटो काढला. एकीचे डोळे मिटले म्हणून पुन्हा काढला. पोरी गेल्या. कृतिका ओशाळून हसली आणि एक ब्लाउजपीस घडी करायला घेऊन म्हणाली, “हं, सांग.”

वाटभर घोळवलेलं वाक्य वैजयंतीच्या तोंडात होतं. तिने ते गिळलं.

“मानिकराव बरोबर म्हनून राह्यले,” ती म्हणाली. “त्यात एक यक्ष घाल.”

कृतिकाचे हात थांबले. “अन् असीच ठेवली तं?”

“असी कोरडी वाटते व. तुह्या वाचकाईले नाई चालनार. मलेही…” वैजयंतीने खांदे उडवले. “तुले जे जमते ते कर ना. आमच्यासारखं काहून लिहाले जाते?”

“कोरडी?”

“हो.”

कृतिकाने ब्लाउजपीस पुन्हा उलगडला आणि नव्याने घडी घातली. मग चहा मागवला. चहा घेताना दोघी पुनीतच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलल्या. परतीच्या एसटीत वैजयंतीला हलकं वाटत होतं, आणि आपल्याला हलकं वाटतंय याची घाणही वाटत होती.

पुस्तक यायला वर्ष लागलं. माणिकरावांनी वैजयंतीला आधीच एक प्रत पाठवली, कारण वाशिमच्या प्रकाशन समारंभात तिने दोन शब्द बोलावेत अशी कृतिकाची इच्छा होती. वैजयंतीने पाकीट फोडलं ते जवळजवळ आनंदाने. यक्ष घातलेली आईची गोष्ट! पार बिघडलेली असणार.

कृतिकाने यक्ष घातला होता, पण तो असा. आई दीक्षा घेते तेव्हा सगळं सोडते: घर, दागिने, नाव. तिने सोडलेलं आईपण मग जातं कुठे? ते मालेगावहून एसटीत बसतं आणि वाशिमच्या त्या न दिसणाऱ्या फलाटावर उतरतं. साधी, मध्यम उंचीची बाई. तिला स्वतःचं नाव आठवत नाही. आपल्याला कुणाला तरी जेवू घालायचं आहे, एवढंच आठवतं. ती स्टँडमागे खोली घेते आणि परगावाहून शिकायला आलेल्या पोरांचे डबे करते. वर्षानुवर्षं प्रत्येक पोराला जेवताना निरखते, आणि हे ते पोर नव्हे, म्हणून रात्री भांडी घासत रडते. मुलगी रोज त्याच स्टँडवरून कॉलेजात जाते. दोघींची गाठ पडते तेव्हा मुलीला तो फलाट दिसत नसतो, म्हणून समोरची बाई कोण हे तिला कळत नाही.

वैजयंतीने शेवटचं पान मिटलं आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली भाजीवाला हाका मारत होता. यक्ष नसलेली ती पहिली गोष्ट चांगली होती. ही तिच्याही पलीकडची होती. जे साध्या गोष्टीत कुणालाच म्हणता आलं नसतं, ते त्या डबेवाल्या बाईने म्हटलं होतं. आणि तो यक्ष घालायला लावला होता वैजयंतीने, पुस्तक बुडावं म्हणून. आपला हेवासुद्धा कृतिकाच्याच कामी यावा, या विचाराने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण काहीच का करू शकत नाही, धड वाईटही?

समारंभाला हॉल भरला होता. भागचंदशेठ पहिल्या रांगेत काठी टेकून बसले होते. वैजयंती बोलली, चार बरे शब्द बोलली. मग कृतिका उठली.

“हे पुस्तक मी वेगळंच लिहिलं होतं,” ती म्हणाली. “माझ्या मैत्रिणीने ते वाचून तोंडावर सांगितलं की हे कोरडं आहे. मोठं झाल्यावर माणसाला असं कुणी सांगत नाही. तिने सांगितलं म्हणून हे पुस्तक झालं.”

टाळ्या पडल्या. वैजयंतीच्या खांद्यावर शाल आली. माणिकराव तिच्या कानाशी वाकून म्हणाले, “मॅडम, तुम्हाला या प्रकारातलं फार छान कळतं. तुमच्या त्या निंदणाऱ्या बायांच्या कादंबरीत असं काही घालता येईल का? नव्याने काढू.”

वैजयंती फक्त हसली. हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

कार्यक्रम संपला, लोक पांगले, मंडपवाला खुर्च्या एकात एक घालू लागला. कृतिका आली आणि तिने वैजयंतीचा हात धरला. शाल अंगावर होती, हात धरलेला होता, आणि वैजयंतीला ते सोसवेना.

“ते मी तुह्या भल्यासाठी नव्हतं म्हटलं,” ती म्हणाली.

“काय?”

“कोरडं. कोरडं नव्हतं ते. मले तुहा राग येऊन राह्यला होता. ते पुस्तक पडावं म्हनून म्हटलं मी.”

कृतिकाने हात सोडला नाही, पण त्यातला जोर गेला. वैजयंतीला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मंग कसी होती ती?” कृतिकाने विचारलं. “आता तरी सांग.”

“चांगली होती. माह्या दोन्हीपेक्षा चांगली.”

“अन् तो फुलका?”

“फुलक्यावर मी रडली.”

“तो मी काढून टाकला.” कृतिकाचा आवाज अगदी हळू झाला. “तू कोरडं म्हनली म्हनून. नव्या पुस्तकात तो कुठंच बसला नाई. खरा होता व तो, वैजू. खरंच झालं होतं ते, आमच्या दारात. आता ते कुठं छापू? आईची गोष्ट तं सांगून झाली.”

“हे जास्त चांगलं झालं पन,” वैजयंती म्हणाली, आणि तेही खरंच होतं.

“असंन,” कृतिका म्हणाली. तिने डोळे पुसले आणि भागचंदशेठना उठवायला गेली.

त्यानंतर पुष्कळ महिने बोलणं नव्हतं. पुस्तक चाललं, आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त. पेपरात फोटो आला की भागवत आता न बोलता पान उलटायचा. काय झालं ते त्याला सांगितलेलं नव्हतं, पण काहीतरी झालंय हे त्याला कळलं होतं. वैजयंतीने माणिकरावांना नकार कळवला. यक्ष आपल्याला येणार नाही, हे तिला माहीत होतं. ती तिची जुनी वाट धरून तिसरी कादंबरी लिहीत राहिली. एका शिक्षिकेची गोष्ट, जिचं चांगलं झालेलं कुणी पाहत नाही.

एका दुपारी कृतिकाचा फोन आला. आवाज कामापुरता.

“काय लिहून राह्यली?”

वैजयंतीने सांगितलं.

“पाठव.”

पाठवावं की नाही, यात तिचे काही दिवस गेले. शेवटी पाठवली. उत्तर आलं ते एवढंच: ‘तिसरं प्रकरण काढून टाक. बाकी चांगलं आहे.’

तिसरं प्रकरण वैजयंतीचं सगळ्यात आवडतं होतं. त्यात ती शिक्षिका आपल्या विद्यार्थिनीचा सत्कार पाहून भर वर्गात आनंदाने रडते. वैजयंतीने मोबाइल पालथा ठेवला. हे कृतिकाने खरं सांगितलं, की उट्टं काढलं? तिने फोन करून विचारायचं ठरवलं, नंबर लावला, आणि वाजायच्या आत कापला. कृतिका ‘खरं सांगितलं’ म्हणाली असती, तरी तिला विश्वास ठेवता आला नसता. ज्याने स्वतःच एकदा असं खोटं सांगितलं, त्याला दुसऱ्याच्या तोंडचं खरं कसं ओळखू येणार?

मग तिने ते प्रकरण पुन्हा वाचलं, सावकाश, कागदावर बोट ठेवून. ती शिक्षिका आनंदाने रडते, त्या वाक्यापाशी तिचं बोट थांबलं. सत्कार पाहून आनंदाने कोण रडतं? ती स्वतः कधी रडली होती?

तिने प्रकरण काढलं. त्या जागी काही घातलं नाही. कादंबरी प्रकाशकाकडे गेली आहे, या दिवाळीला येईल म्हणतात.