शिवबाई जागेवर आहेत

"मामा, हिचा पासवर्ड काय?"

समरानं टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. केसांना जाळं लागलेलं, हातात निळी वायर. पंचाक्षरी फडकं घेऊन उभा. फडकं हातात असलं की माणसाला ऐकू न आल्याचं सोंग बरं जमतं.

"हिचा म्हंजी?"

"ह्या मशिनचा. नाव दिसतंय की. शिवबाई."

पडद्यावर तेवढंच होतं. नाव, नावाखाली रिकामी चौकट, चौकटीत उघडझाप करणारी बारीक रेघ. कुणीतरी डोळे मिचकावत वाट बघत बसावं, तशी.

"म्हाईत न्हाय," पंचाक्षरी म्हणाला. "कवा इचारलंच न्हाय."

अक्कलकोट नाक्याजवळचं ते पार्सल ऑफिस. नातेपुत्याला पोतं पाठवा नाहीतर मंगळवेढ्याला सायकल, सगळं इथून जायचं. काउंटरला शिवबाई, झाडणं, उचलणं, शटर हे सगळं तिच्या नवऱ्याकडं, पंचाक्षरीकडं. सकाळी तो पुढं यायचा, शटर वर करायचा, तिचं मशीन चालू करायचा. ती मागून डबा घेऊन यायची तोवर मशीन उठलेलं असायचं. दोन वर्षांमागं डेंग्यूनं ती आठवड्यात गेली. पंचाक्षरी परत कामावर आला, शटर वर केलं आणि मशीन चालू केलं. तेव्हापासून रोज. संध्याकाळी बंद. मालक दिग्विजय एकदोनदा कुरकुरला, मग त्यानं नाद सोडला. बुकिंग मागच्या टेबलावर नेलं.

पण ती गेली त्याच आठवड्यात रंगकाम करणाऱ्यांनी भिंतीतली जुनी वायर तोडून टाकली होती. कुठलं मशीन कुठल्या प्रिंटरला जोडलेलं नाही. पेनड्राईव्ह खिशात घालून माणसं ह्या टेबलावरून त्या केबिनमध्ये पळायची. शेवटी दिग्विजयनं कॉम्प्युटरची कामं करणाऱ्या समराला बोलावलं. पिवळी पडलेली जुनी मशिनं, त्याचा नवा लॅपटॉप, केबिनमधला प्रिंटर, सगळं एका जाळ्यात आण म्हणाला.

"पासवर्ड नसंल तर पुसून नवं टाकावं लागंल," समरा म्हणाली. "आधी वायर तर लावून बघते. प्रिंटरचा जाळ्यातला नंबर मी जुनाच ठेवलाय, म्हंजी जुन्या मशिनी गोंधळत न्हाईत."

तिनं निळी वायर शिवबाईच्या मशिनीत खोचली. टक.

मागं हिरवा दिवा लुकलुकला. भराभरा लुकलुकला. आणि बंद केबिनमध्ये प्रिंटर जागा झाला.

मागच्या टेबलावरून दिग्विजयही उठून आला; काचेतून तिघांनाही दिसत होतं. आत कुणी नाही. पंखा बंद, खुर्ची टेबलाखाली सारलेली. प्रिंटरनं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि कागद बाहेर ढकलला. मग दुसरा. मग तिसरा.

"तू काय टेस्ट सोडलीस का?" दिग्विजयनं विचारलं.

"मी कुटं काय सोडलं? हितंच उभी हाय की तुमच्यापुढं!"

दिग्विजय दार उघडून आत गेला. एक कागद उचलला आणि विंचू दिसल्यासारखा टाकून दिला. पंचाक्षरीनं वाकून उचलला. मोठ्या ठळक अक्षरांत छापलेलं होतं:

शिवबाई जागेवर आहेत.

खाली तारीख. ती गेल्यानंतरची.

कागद येतच होते. तेच वाक्य, पुढची तारीख. ट्रे भरला, कागद फरशीवर घसरायला लागले. दिवाळी आली. उन्हाळा आला. गड्ड्याच्या जत्रेला ऑफिस बंद असायचं, ते दिवस मधे नव्हते.

"बंद कर ते! वायर काढ, वायर!" दिग्विजयचा आवाज चिरकला.

समराचा हात वायरीकडं गेला, पण पंचाक्षरी मध्ये उभा राहिला. "ऱ्हाऊ दे. येऊ दे सगळं."

तो फरशीवर बसून एकेक तारीख बघत होता. मागच्या श्रावणात तो तापानं पडला होता. ते दिवस कागदात नव्हते. लेकीकडं हुमनाबादला गेला होता, तेही नव्हते. तो ज्या ज्या दिवशी आला, त्याच दिवशी ती आली होती.

शेवटचा कागद आजचा. गरम होता. प्रिंटर थांबला.

मग समरा त्याच्याजवळ उकिडवी बसली.

"मामा, भिऊ नका. लोक सारखं इचारायचे असतील, म्याडम हायत का. म्हणून दारावर लावायला तिनं करून ठिवलेलं दिसतंय. मशीन चालू झालं की तारीख टाकून आपोआप छापायचं. वायर तुटली, पण मशिनला काय कळतंय? रोज पाठवत ऱ्हायलं. सगळं आत तुंबलं हुतं."

"दारावर मीच लावायचो की," पंचाक्षरी म्हणाला. "मला वाटायचं, ती येऊन छापती."

"न्हाय. तुमी बटण दाबलं की."

त्यानं हाताकडं बघितलं. उजव्या हाताचं ते बोट त्यानं दुसऱ्याच कुणाचं असावं तसं जरा लांब धरलं.

"म्हंजी मीच तिला रोज वडून आणत हुतो," तो हळूच म्हणाला. "आन् बाहेर येऊ देत नव्हतो."

दिग्विजय आता जरा सावरला होता. "मामा, तुमची इच्छा नसेल तर हे मशीन राहू द्या. बाकीची जोडू. मी काही बोलणार नाही."

समराही म्हणाली, "एक वगळलं तर काय बिघडत न्हाय."

पंचाक्षरी उठला. कागद गोळा केले, कडा ठोकून सरळ केल्या. पडद्यावर ती रेघ अजून मिचकावत होती.

"पूस," तो म्हणाला. "लई दिवस राबली. पूस, पोरी."

समरानं पुसलं. नाव गेलं, चौकट गेली. निळा पडदा नवीन नाव मागत होता. "काय घालू?"

"नाव नको. आकडा घाल."

तेवढ्यात पायरीवर काठी वाजली. मंगळवेढ्याची बजाबाई, मालदांडी ज्वारीचं गठुळं डोक्यावर. लेकाकडं पुण्याला होती, दोन-अडीच वर्षं इकडं फिरकलीच नव्हती.

"म्याडम न्हाईत व्हय रं?"

दिग्विजयनं मान खाली घातली. पंचाक्षरीनं म्हातारीच्या डोक्यावरचं गठुळं उतरवून घेतलं.

"न्हाय, आक्का. गेली ती."

हे कुणाला तोंडानं सांगायची त्याची ती पहिलीच वेळ. त्यानं म्हातारीला दंडाला धरलं, काउंटरमागची शिवबाईची उंच खुर्ची ओढून आणली आणि तिला तीत बसवलं. म्हातारीचे पाय जमिनीला टेकेनात. धुळीनं भरलेले ते दोन पाय फरशीच्या वर तसेच हलत राहिले, आणि पंचाक्षरी गठुळं वजनकाट्यावर ठेवायला वाकला.