नटवी

छापखान्यातल्या सगळ्यात खालच्या खणात जी जुनी लाकडी अक्षरं होती, त्यांना मालकांनी नाव ठेवलं होतं नटवी. ठेवणारच हो! प्रत्येक अक्षराच्या पोटात वेल, टोकाला पान, पाठीमागे सावली. नुसता थाट! मालकांच्या लेकीचा या अक्षरांवर भारी जीव. आणि आज पाच वाजता एक सजावटकार येऊन ती उचलून नेणार होता. कशाला, तर हॉटेलाच्या भिंतीवर सुटी सुटी चिकटवायला! ऐकूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"बाबा, ही काय शोभेची वस्तू आहे?"

"दहा वर्षांत काय छापलंस त्यात? पाचच्या आत एक काम करून दाखव, मग बोलू."

आणि बघा तरी, तासाभरात एक जादूगार दारात हजर! उद्याच्या खेळाची जाहिरात हवी होती, चार वाजता नमुना बघायला येणार होता. पोरीला आकाश ठेंगणं झालं. तहानभूक विसरून तिने अक्षरं जुळवली. खेळाचं नाव, जागा, वेळ, तिकीटखिडकी, झाडून सगळं नटवीत!

"सगळंच?" बाबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्ही फक्त बघा!"

चारला जादूगार आला. त्याने कागद लांब धरला, जवळ धरला, तिरका करून पाहिला.

"ताई, सुंदरच आहे. पण खेळ किती वाजता?"

तिने ऐटीत बोट पुढे केलं, आणि ते कागदावर नुसतंच फिरत राहिलं. वेलीपानांच्या गर्दीत तिची तिलाच वेळ सापडेना!

बाबा पोट धरून हसले. "अगं, सगळ्यांनाच नवरी करून बसवलंस, वरातीत चालणार कोण?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण क्षणभरच. "अर्धा तास द्या," असं जादूगाराला म्हणत तिने जुळवलेली अक्षरं सुटी केलीसुद्धा. वेळ, जागा, तिकीट, सगळं साध्या ठसठशीत टाइपात खाली बसवलं. वर 'जादू' हा एकच शब्द तेवढा नटवीत, चहूबाजूंनी भरपूर मोकळी जागा सोडून. शाईचा रूळ फिरवला, कागद दाबला, उचलला.

अहाहा! काय दिसत होती ती नटवी!

"जादू!" जादूगार खोलीच्या पार त्या टोकावरून ओरडला. "उद्या, संध्याकाळी सहा, नगरगृह! ताई, पाचशे प्रती काढा, आत्ताच्या आत्ता!"

आनंदाने तिला हसू आवरेना. मशीन धडधडू लागलं, तेवढ्यात सजावटकार रिकामी खोकी घेऊन आत आला. बाबांनी त्याला शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द त्यांनी आजवर कधी फिरवला नव्हता.

बाबांनी हात पुसले. "माफ करा, माझी चूक झाली," ते सजावटकाराला म्हणाले. "माझी नव्हतीच ती अक्षरं, मी द्यायला. हिची आहेत. विचारायचं तर हिला विचारा."

त्याने तोंड उघडायच्या आतच, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून ती ओरडली, "नाही!"